माल्टाच्या पाण्यात पहिली सहल: भूमध्य समुद्रातील स्कूबा डायव्हिंगचे नियोजन

भूमध्य समुद्रात स्कूबा डायव्हिंगला जायचे ठरले की बहुतेक जण आधी नकाशा उघडतात आणि दहा दिवसांत माल्टा, सिसिली, क्रीट आणि जमलेच तर क्रोएशियातले एखादे बेट अशी साखळी जोडू लागतात. नुसते फिरायला जाणाऱ्याला ही पद्धत चालते, पण बुडी मारणाऱ्याला ती महागात पडते. प्रत्येक विमानप्रवासाआधी पाण्याबाहेर एक पूर्ण दिवस काढावा लागतो (का, ते पुढे येईल), प्रत्येक नव्या डायव्हिंग केंद्रात पहिली बुडी केवळ तुमची तयारी पाहण्यासाठी असते, आणि दोन दिवस वारा फिरला तर त्या बेटावरच्या बुड्या कायमच्या हुकतात. म्हणून नवख्या माणसाने पहिल्या खेपेला एकच द्वीपसमूह, एकच केंद्र आणि साधारण एक आठवडा एवढेच ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढील सर्व विवेचनासाठी माल्टाचे उदाहरण घेतले आहे. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही तीन बेटे मिळून झालेला हा देश सुमारे ३१६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे मुंबईपेक्षाही लहान. या लहानपणाचाच डायव्हरला फायदा होतो. वारा ज्या बाजूने येत असेल त्याच्या विरुद्ध किनाऱ्यावर मोटारीने तासाभरात पोहोचता येते, त्यामुळे पूर्ण दिवस वाया जाण्याची वेळ क्वचितच येते. इंग्रजी ही तिथली एक अधिकृत भाषा आहे, वाहने आपल्यासारखी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, आणि बहुतेक बुड्या होडीशिवाय थेट किनाऱ्यावरून मारता येतात, त्यामुळे खर्चही आटोक्यात राहतो.

आधी अपेक्षा तपासून घ्याव्यात

अंदमान किंवा लक्षद्वीपची प्रवाळे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी तीच दृश्ये येथे शोधू नयेत. भूमध्य समुद्राच्या पाण्यात पोषकद्रव्ये कमी, त्यामुळे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, कमी, आणि म्हणूनच ते पाणी इतके नितळ असते. माल्टाभोवती २० ते ३० मीटरपर्यंतचे स्वच्छ दिसणे ही नित्याची गोष्ट आहे, तर मालवणला चांगल्या दिवशीही ते दहा मीटरच्या आतबाहेर असते. मात्र ज्या कारणाने पाणी स्वच्छ राहते, त्याच कारणाने मासेही तुलनेने थोडे असतात. पाहायला मिळतात ते चुनखडीचे उभे कडे, कमानी, गुहा, पोसिडोनिया या सागरी वनस्पतीची हिरवी कुरणे, आणि त्यांच्यातून वावरणारे ग्रूपर, बराकुडा, ऑक्टोपस, मोरे ईल आणि सी ब्रीम. या सगळ्याच्या जोडीला आहेत बुडालेली जहाजे. माल्टाची खरी ख्याती त्यांच्यामुळेच आहे.

इतर बेटांचाही विचार करायला हरकत नाही. सायप्रसमध्ये लार्नाकाजवळ १९८० साली बुडालेले ‘झेनोबिया’ हे सुमारे १७२ मीटर लांबीचे मालवाहू जहाज आजही पोटातल्या मालमोटारींसह आडवे पडलेले आहे आणि अनुभवी डायव्हर केवळ त्या एका जहाजासाठी तिथे जातात. स्पेनच्या कातालोनिया किनाऱ्याजवळची मेदेस बेटे १९८३ पासून संरक्षित असल्यामुळे तिथे ग्रूपर मोठे आणि धीट आहेत. सिसिलीच्या उत्तरेचे उस्तिका हे इटलीच्या सर्वांत जुन्या सागरी अभयारण्यांपैकी एक. पण पहिल्या सहलीत सोय, सुरक्षितता आणि विविधता एकाच ठिकाणी मिळावी असे वाटत असेल, तर माल्टाला पर्याय शोधण्याची गरज नाही.

प्रमाणपत्र: मालवणची बुडी आणि खरा कोर्स

तारकर्ली-मालवणला किंवा गोव्यात ग्रांदे बेटाजवळ ‘स्कूबा’ केलेले अनेक मराठी वाचक असतील. त्यातील बहुसंख्यांनी केलेली बुडी ही चाखून पाहण्याची बुडी होती: प्रशिक्षक सतत धरून असतो, खोली काही मीटरांचीच असते, आणि शेवटी हाती छायाचित्रे व चित्रफीत येते. त्या अनुभवामुळे पाण्याची भीती जाते, हे महत्त्वाचेच आहे, पण त्यामुळे माणूस डायव्हर म्हणून पात्र ठरत नाही. माल्टातील केंद्र तुमचे प्रमाणपत्र मागेल, आणि ते नसेल तर पुन्हा तशीच चाखण्याची बुडी तुमच्या पदरात पडेल.

म्हणून पहिले काम म्हणजे ओपन वॉटर डायव्हर हा प्राथमिक कोर्स. पॅडी, एसएसआय, सीमास, बीएसएसी अशा अनेक संस्थांची प्रमाणपत्रे जगभर चालतात; कोणत्या संस्थेचे घ्यावे यावर डोके शिणवण्यापेक्षा शिकवणारा प्रशिक्षक कोण आणि त्याच्या तुकडीत किती विद्यार्थी आहेत, हे पाहावे. कोर्समध्ये वाचनाचा भाग, तलावातील सराव आणि समुद्रातील चार बुड्या असतात. २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे आधाराशिवाय तरंगत राहणे एवढी पोहण्याची किमान तयारी लागते. कोर्स पूर्ण झाल्यावर १८ मीटर खोलीपर्यंत जोडीदारासह जाण्याची पात्रता मिळते. त्यापुढच्या अ‍ॅडव्हान्स्ड कोर्सने ही मर्यादा ३० मीटरपर्यंत जाते.

हा कोर्स कुठे करावा, याचे तीन मार्ग आहेत. पहिला, संपूर्ण कोर्स भारतातच करणे: तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, शिवाय गोवा, नेत्राणी, पुदुच्चेरी आणि अंदमान येथेही कोर्स होतात. दुसरा, संपूर्ण कोर्स माल्टात करणे. यात आठवड्यातील तीन-चार दिवस शिकण्यात जातात आणि प्रत्यक्ष भटकण्याला थोडेच उरतात. तिसरा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो: वाचन आणि तलावातील सराव पुण्या-मुंबईत उरकायचा, प्रशिक्षकाकडून तसा दाखला घ्यायचा, आणि वर्षभराच्या आत समुद्रातील चार बुड्या माल्टात पूर्ण करायच्या. याला रेफरल म्हणतात. दोन्हीकडची केंद्रे एकाच संस्थेची असली तर कागदपत्रांचा घोळ होत नाही, एवढे पाहावे.

ज्यांचे प्रमाणपत्र जुने आहे आणि वर्ष-दोन वर्षांत पाण्यात उतरणे झालेले नाही, त्यांनी निघण्यापूर्वी तलावात उजळणीचे एक सत्र करावे. मास्कमध्ये पाणी शिरल्यावर ते बाहेर काढणे आणि तोंडातून निसटलेला रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारे साधन) परत घेणे, ही दोन कौशल्ये हात-पाय न गडबडता जमली की बाकीचे आठवायला वेळ लागत नाही.

प्रकृतीचा अर्ज हलक्यात घेऊ नये

प्रत्येक केंद्रात पोहोचल्यावर आरोग्यविषयक प्रश्नांचा एक अर्ज भरावा लागतो. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचे ऑपरेशन, मधुमेह, रक्तदाबाची औषधे अशा प्रश्नांपैकी एखाद्याचेही उत्तर ‘हो’ असेल, तर डॉक्टरची सही असल्याशिवाय पाण्यात उतरता येत नाही. सहल वाया जाईल या भीतीने ‘नाही’ लिहून मोकळे होणारे लोक असतात. तसे कधीही करू नये, कारण फुप्फुस आणि कान यांवर पाण्याचा दाब कागद पाहून पडत नाही. हा अर्ज केंद्राकडून आधीच मागवून घ्यावा, आपल्या डॉक्टरांना दाखवावा आणि गरज असल्यास त्यांची सही व शिक्का घेऊन मूळ प्रत सोबत न्यावी. सर्दी असताना बुडी मारू नये. नाक मोकळे करणारी गोळी घेऊन उतरले, तर तिचा परिणाम खोलीत असतानाच ओसरू शकतो आणि वर येताना कान किंवा सायनसमध्ये हवा अडकू शकते.

चष्मा असणाऱ्यांनी नंबरची काच बसवलेला मास्क भारतातूनच करून न्यावा. तिथे आयत्या वेळी आपला नंबर मिळेलच असे नाही.

कोणता महिना

येथे निसर्गानेच महाराष्ट्राची सोय केली आहे. कोकणातील जलक्रीडा मेअखेरीपासून पावसाळा संपेपर्यंत बंद असतात, आणि नेमका तोच काळ माल्टात उन्हाळ्याचा व स्वच्छ समुद्राचा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल्टाचे पाणी सुमारे १५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, जूनमध्ये ते २१-२२ अंशांवर येते, ऑगस्टमध्ये २६-२७ अंश होते, आणि जमिनीपेक्षा समुद्र सावकाश निवत असल्यामुळे ऑक्टोबरातही २३-२४ अंशांच्या आसपास राहते.

शाळांच्या सुट्टीमुळे आपल्याकडच्या कुटुंबांना एप्रिल-मे सोयीचा वाटतो. त्या महिन्यांत माल्टाची हवा अत्यंत सुखद असते, परंतु पाणी १६ ते १९ अंश असते, आणि अरबी समुद्राच्या कोमट पाण्याची सवय असलेल्या माणसाला दुसऱ्या बुडीच्या मध्यावरच कुडकुडायला होते. ऑगस्टमध्ये साऱ्या युरोपची सुट्टी असते. हॉटेल महाग, बुडीच्या जागी गर्दी, आणि रस्त्यावर ऊन असह्य. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचा पूर्वार्ध हा उत्तम काळ आहे. गणपती सप्टेंबरात येत असतील, तर विसर्जनानंतरची तारीख धरावी, म्हणजे घरच्यांशी वादही होणार नाही. दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात गेली असेल तर मात्र वादळांची शक्यता वाढलेली असते, हे लक्षात ठेवावे.

व्हिसा, विमान आणि दोन प्रकारचा विमा

माल्टा २००७ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि २००८ पासून तिथे युरो चालतो. भारतीय पासपोर्टधारकाला अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. जून २०२४ पासून प्रौढांसाठी त्याचे शुल्क ९० युरो आहे. व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी तो दाखल व्हावा लागतो, पण उन्हाळ्याच्या हंगामात भेटीची वेळ मिळणेच अवघड असल्याने तीन-चार महिने आधीच हालचाल करावी. एकाहून अधिक शेंगेन देशांत जाणार असाल, तर ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. सायप्रस अजून शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे त्याचा कार्यक्रम जोडायचा असेल तर त्या देशाचे प्रवेशनियम स्वतंत्रपणे पाहावे लागतील.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा सक्तीचा आहे, आणि नवखे डायव्हर हमखास फसतात ते इथेच. हा विमा काढला की आपण सुरक्षित झालो असे त्यांना वाटते, परंतु अनेक सर्वसाधारण पॉलिसींत स्कूबा डायव्हिंग वगळलेले असते किंवा विशिष्ट खोलीपर्यंतच मान्य असते. बुडीनंतर शरीरात हवेचे बुडबुडे होऊन त्रास झाला तर रुग्णाला उच्च दाबाच्या कक्षात ठेवतात, आणि त्या उपचारांचा खर्च मोठा असतो. त्यामुळे पॉलिसीतील वगळलेल्या बाबींचे कलम शब्दशः वाचावे आणि गरज वाटल्यास डॅन युरोपसारख्या डायव्हरांसाठीच असलेल्या संस्थेचा वेगळा विमा घ्यावा. माल्टात मसिदा येथील मातेर देई या सरकारी रुग्णालयात असा कक्ष आहे, आणि आणीबाणीचा दूरध्वनी क्रमांक ११२ आहे.

मुंबईहून दुबई, इस्तंबूल किंवा रोम अशा ठिकाणी विमान बदलून माल्टाला जाता येते. तिकीट काढताना एकच नियम पाळावा: परतीचे विमान शेवटच्या बुडीनंतर किमान १८ तासांनी, शक्यतो २४ तासांनी असावे. अनेक दिवस सलग बुड्या मारल्यावर शरीरात नायट्रोजन विरघळलेला असतो, आणि विमानातील कमी दाबात तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडून डीकम्प्रेशन सिकनेस होऊ शकतो. हाच धोका डोंगरावरही असतो. माल्टाची राजधानी व्हॅलेटा येथून वेगवान बोटीने पावणेदोन तासांत सिसिलीला जाता येते, म्हणून अनेक जण शेवटच्या दिवशी एटना ज्वालामुखी पाहण्याचा बेत करतात. तो पर्वत ३,३०० मीटरपेक्षा उंच आहे, आणि सकाळी बुडी मारून संध्याकाळी त्यावर चढणे हे विमानात बसण्याइतकेच अविचाराचे आहे. खुद्द माल्टात ही अडचण येत नाही, कारण तिथला सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून २५० मीटरच्या थोडासाच वर आहे.

केंद्राला विचारायचे प्रश्न

माल्टात डायव्हिंग केंद्रांना माल्टा पर्यटन प्राधिकरणाचा परवाना लागतो. तो आहे की नाही हे सर्वांत आधी विचारावे. त्यानंतर ई-मेलने पुढील गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात: एका मार्गदर्शकामागे पाण्यात किती जण असतात, दरात सिलिंडर, शिशाची वजने, वेटसूट (अंग उबदार ठेवणारा रबरी पोशाख), रेग्युलेटर आणि डायव्ह कॉम्प्युटर (खोली व वेळ मोजणारे मनगटी यंत्र) यांपैकी काय धरलेले आहे, हॉटेलवरून ने-आण आहे का, वाऱ्यामुळे बुडी रद्द झाली तर पैसे परत मिळतात की दुसरा दिवस मिळतो, आणि प्रत्येक ठिकाणी गाडीत ऑक्सिजनचा संच असतो का. या शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आले तर ते केंद्र सोडून द्यावे. दोन डायव्हर मार्गदर्शकाशिवाय स्वतंत्रपणे बुडी मारू इच्छीत असतील, तर अ‍ॅडव्हान्स्ड किंवा तत्सम पात्रता मागितली जाते; नवख्याने तो विचारही करू नये आणि मार्गदर्शकाच्या पैशांत काटकसर करू नये.

राहण्याची जागा केंद्राच्या जवळ घ्यावी. बुड्यांकडेच लक्ष असेल तर गोझो मला अधिक पसंत आहे, कारण तिथे गर्दी कमी आणि किनारे जवळ. गोझोसाठी माल्टा बेटावरील चिर्केव्वाहून गोझोतील इम्जारपर्यंत फेरीबोट असते, तिला सुमारे २५ मिनिटे लागतात. सोबत बुडी न मारणारे कुटुंबीय असतील, तर माल्टा बेटावर राहणे त्यांच्या दृष्टीने बरे.

कोणती बुडी कोणासाठी

येथे थोडे गणित करावे लागेल, कारण या गणितावरच नवख्याने काय पाहावे आणि काय सोडावे हे ठरते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने (बार हे दाबाचे एकक) सुमारे २,४०० लिटर हवा असते. त्यातील ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव सोडायची. उरली १,८००. नवखा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला सुमारे २० लिटर हवा वापरतो असे धरू. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट असल्याने ४० लिटर, २० मीटरवर ६० लिटर, आणि ३६ मीटरवर ९० लिटरहून अधिक हवा दर मिनिटाला लागते. म्हणजे तीच टाकी १० मीटरवर पाऊण तास पुरते, २० मीटरवर अर्धा तास, आणि ३६ मीटरवर वीस मिनिटांच्याही आत संपते. शिवाय त्या खोलीवर, शरीरात साठलेल्या नायट्रोजनमुळे टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याची सक्ती होण्यापूर्वी, साधारण दहा-बारा मिनिटेच मिळतात. ज्याच्या गाठी आठ-दहा बुड्या आहेत, त्याने ३६ मीटरवरच्या जहाजाची छायाचित्रे पाहून हुरळून जाऊ नये.

माल्टाची सर्वांत प्रसिद्ध जहाजे नेमकी याच खोलीवर आहेत. ‘उम एल फरूद’ हे लिबियाचे सुमारे ११० मीटर लांबीचे तेलवाहू जहाज. फेब्रुवारी १९९५ मध्ये गोदीत दुरुस्ती चालू असताना त्यावर स्फोट होऊन नऊ कामगार मृत्युमुखी पडले. १९९८ साली ते विएद इझ्-झुरिए या ठिकाणी मुद्दाम बुडवण्यात आले, आणि पुढे वादळाने त्याचे दोन तुकडे झाले. तळ सुमारे ३६ मीटरवर आहे. चिर्केव्वाजवळची ‘रोझी’ ही १९९२ साली बुडवलेली टगबोट आणि २००७ साली बुडवलेली ‘पी २९’ ही गस्तीनौकाही साधारण तेवढ्याच खोलीवर आहेत. या तिन्हींसाठी अ‍ॅडव्हान्स्ड प्रमाणपत्र, आणि तळापर्यंत जायचे असल्यास त्याहीपुढचे खोल बुडीचे प्रशिक्षण हवे.

नवख्यासाठी मग काय उरते? पुष्कळ. व्हॅलेटाच्या तटबंदीखाली सेंट एल्मोच्या उपसागरात ‘एचएमएस माओरी’ या ब्रिटिश विनाशिकेचे अवशेष अवघ्या १४ मीटरच्या आसपास आहेत. जर्मन युद्धनौका बिस्मार्क बुडाल्यावर तिच्या खलाशांना पाण्यातून वाचवणाऱ्या नौकांपैकी ही एक. फेब्रुवारी १९४२ मध्ये माल्टाच्या बंदरात ती स्वतःच हवाई हल्ल्यात बुडाली आणि नंतर तिथून हलवण्यात आली. जहाजाचा आकार आता पूर्ण राहिलेला नाही, पण वाळूत अर्धवट गाडलेल्या त्या लोखंडात ऑक्टोपस आणि मोरे ईल हमखास सापडतात. कोमिनोजवळ २००९ साली बुडवलेली ‘पी ३१’ ही गस्तीनौका १८ ते २० मीटरवरच्या पांढऱ्या वाळूवर आहे. तिथे होडीनेच जावे लागते, आणि ओपन वॉटर डायव्हरला ती वरच्या अंगाने आरामात पाहता येते. कोमिनोच्याच सांता मारिया गुहांच्या तोंडाशी माशांचे थवे डायव्हरभोवती गोळा होतात.

पहिल्या एक-दोन बुड्यांसाठी दक्षिण किनाऱ्यावरचे आर लाप्सी किंवा गोझोतील इम्जार इश्-शिनी अशी आडोशाची, उथळ ठिकाणे योग्य. चिर्केव्वाच्या खडकाळ कड्यावर सुमारे १८ मीटर खोलीवर एका कपारीत मेरीची मूर्ती ठेवलेली आहे; तिथपर्यंतची बुडी नवख्याच्या मर्यादेत बसते आणि कमानी, कडे, पोसिडोनिया असे सगळेच एका फेरीत दिसते.

गोझोतील द्वेयरा येथील ब्लू होलबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण माल्टाला जाणारा प्रत्येक जण त्याचे नाव घेतो. खडकात नैसर्गिकरीत्या तयार झालेला हा सुमारे दहा मीटर रुंदीचा गोल हौद असून, पृष्ठभागाखालच्या एका कमानीतून तो मोकळ्या समुद्राला जोडलेला आहे. शेजारीच ‘अझुर विंडो’ नावाची प्रचंड कमान उभी होती. ती ८ मार्च २०१७ रोजी वादळात कोसळली, आणि तिच्या शिळा आता पाण्याखाली पाहता येतात. हौदातून कमानीखाली जाणे ओपन वॉटर डायव्हरला मार्गदर्शकासह शक्य आहे. अडचण पाण्यात नाही, पाण्यापर्यंत जाण्यात आहे. वाहनतळापासून ओबडधोबड खडकावरून, पाठीवर जड सिलिंडर घेऊन, उन्हात चालत जावे लागते, आणि लाट असेल तर बाहेर येताना त्याच खडकावर आपटण्याची भीती असते. गुडघे किंवा पाठ दुखणाऱ्याने त्याऐवजी होडीवरून बुडी निवडावी. जवळच्या ‘इनलँड सी’ या खाजणातून सुमारे ८० मीटर लांबीच्या बोगद्यातून बाहेर पडता येते, परंतु त्याच बोगद्यातून पर्यटकांच्या मोटारबोटी ये-जा करतात, म्हणून मार्गदर्शकाने सांगितलेल्या खोलीच्या वर तिथे अजिबात येऊ नये.

गुहा आणि जहाजांच्या आतील खोल्या यांबाबत नियम एकच: डोक्यावर छत असेल आणि थेट वर जाता येत नसेल, तर त्या प्रशिक्षणाशिवाय आत शिरू नये. मार्गदर्शक ‘काही होत नाही’ म्हणाला तरीही नाही.

वारा पाहूनच ठिकाण ठरते

कोकणात समुद्राचे वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. माल्टात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर असतो. तिथे सत्ता वाऱ्याची. सर्वाधिक वाहणारा वारा वायव्येचा. तो असला की उत्तर व पश्चिम किनाऱ्यावर लाटा, आणि दक्षिणेला आर लाप्सी, विएद इझ्-झुरिए किंवा गोझोचा दक्षिण किनारा शांत. आग्नेयेचा उष्ण, दमट वारा आला की याच्या उलट होते, आणि सगळी केंद्रे चिर्केव्वाकडे धाव घेतात. ईशान्येचा वारा सर्वांत वाईट, कारण बंदरांची तोंडे त्याच दिशेला आहेत. सुदैवाने तो मुख्यतः हिवाळ्याचा पाहुणा आहे.

म्हणून ‘मंगळवारी ब्लू होल, बुधवारी माओरी’ असा पक्का तक्ता करून केंद्राकडे आग्रह धरू नये. आपल्याला पाहायच्या पाच-सहा जागांची यादी द्यावी, त्यांतील अगदी हव्याच अशा दोन कोणत्या ते सांगावे, आणि क्रम मार्गदर्शकावर सोडावा. वाऱ्याचा अंदाज आदल्या संध्याकाळी आपणही पाहावा, म्हणजे सकाळी ठिकाण का बदलले ते कळते. वारा पडल्यावरही लाट काही तास राहते; शिडीवरून पाण्यात उतरणे सोपे वाटले तरी त्याच शिडीने बाहेर येता येईल का, हा प्रश्न उतरण्यापूर्वी विचारावा.

साहित्य

सगळे विकत घेण्याची गरज नाही. मास्क, कडक तळाचे बूट आणि डायव्ह कॉम्प्युटर एवढे स्वतःचे असावे, बाकीचे भाड्याने मिळते. खडकावरून चालायचे असल्यामुळे बूट पातळ तळाचे नकोत, आणि त्यावर चढतील असे पट्ट्याचे फिन्स (पायाला लावायचे वल्ह्यासारखे पंख) घ्यावेत. जून आणि ऑक्टोबरसाठी ५ मिलिमीटरचा वेटसूट पुरतो. पण उन्हाळ्यातही १५-२० मीटरखाली एकदम थंड थर लागतो, त्यामुळे थंडी सोसत नसेल तर ७ मिलिमीटरचा घ्यावा आणि डोक्यावर टोपडे घालावे.

जाड सूट तरंगतो, म्हणून अंदमानात किंवा गोव्यात लागत होते त्यापेक्षा जास्त शिसे कमरेला लावावे लागते. भूमध्य समुद्राचे पाणीही अधिक खारट आहे, दर लिटरला सुमारे ३८ ग्रॅम मीठ, तर अरबी समुद्रात ते साधारण ३६ ग्रॅम. खारटपणाने पडणारा फरक लहान असतो. मुख्य फरक सुटाचा. जुन्या वहीतला आकडा सांगून मोकळे न होता पहिल्या बुडीला उथळ पाण्यात वजन तपासून घ्यावे. स्वतःचा रेग्युलेटर नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की युरोपात डिन पद्धतीची, म्हणजे सिलिंडरच्या तोटीत आटे फिरवून बसवायची, जोडणी सर्रास असते. आपला रेग्युलेटर तोटीवर चिमट्यासारखा आवळायच्या पद्धतीचा असेल तर केंद्राला आधीच कळवावे. चार्जरसाठी ब्रिटिश पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर लागतो. टॉर्च आणि कॅमेऱ्याच्या लिथियम बॅटऱ्या केबिन सामानातच ठेवाव्यात.

पाण्यात काय टाळायचे ते थोडक्यात: गुलाबी-जांभळट जेलीफिश, खडकाशी एकरूप झालेला स्कॉर्पिअनफिश आणि पांढऱ्या केसाळ कडा असलेला फायरवर्म. कशालाही हात न लावण्याची सवय असली की तिघांपैकी कोणाचाही त्रास होत नाही.

आठवड्याची आखणी

पोहोचल्याचा दिवस झोपेसाठी आणि कागदपत्रांसाठी ठेवावा. रात्रभराच्या प्रवासानंतर शरीरातील पाणी कमी झालेले असते, आणि तशा अवस्थेत बुडी मारणे डीकम्प्रेशनच्या दृष्टीने वाईट. दुसऱ्या दिवशी आडोशाच्या ठिकाणी तपासणीची बुडी. त्यानंतर रोज दोन बुड्या, आधी खोल आणि मग उथळ, मध्ये तासाभराहून अधिक विश्रांती, आणि आठवड्याच्या मध्यावर एक अर्धा दिवस मोकळा. रोज तीन-तीन बुड्या मारण्याची हाव धरली की चौथ्या दिवसापासून थकवा साचतो आणि चुका होऊ लागतात. बुड्यांच्या मधल्या वेळेत पाणी भरपूर प्यावे. खाण्याला रिकोटा चीज किंवा वाटाण्याचे सारण भरलेले पास्तित्सी सगळीकडे स्वस्तात मिळतात. बिअर संध्याकाळसाठी राखून ठेवावी.

परतीच्या आदल्या दिवशी पाण्यात उतरायचे नाही, हे वर सांगितलेच आहे. तो दिवस इम्दिना हे जुने तटबंदीचे शहर आणि व्हॅलेटा पाहण्यात सहज जातो, पण पाओला येथील हाल सफ्लिएनी हे हजारो वर्षांपूर्वीचे भूमिगत दफनस्थान पाहायचे असेल, तर तिथे दिवसाला मोजक्याच लोकांना प्रवेश असतो आणि हंगामात तिकिटे काही आठवडे आधीच संपतात. त्यामुळे डायव्हिंग केंद्राला आगाऊ रक्कम पाठवाल, त्याच दिवशी हे तिकीटही शेवटच्या कोरड्या दिवसासाठी काढून ठेवावे.